राखेची वर्दी कुणापर्यंत पोहोचते?

बरेच दिवस इथं काही लिहिलं नव्हतं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मानगुटीवर बसलं होतं. पण नोव्हेंबरात घरात असा एक प्रसंग घडला की माझा संशोधनाचा विषय चक्क स्वयंपाकघरात येऊन बसला. तेव्हा आज त्यावरच.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. माझी पीएच.डी. इतिहासातली आहे आणि विषय आहे धोक्याच्या इशाऱ्यांचा इतिहास. म्हणजे वादळ, पूर, लाट, राख अशा गोष्टींची वर्दी कुणी द्यायची, कुणाला द्यायची, ती वेळेत पोहोचायची कशी, आणि ही व्यवस्था कधी नि का उभी राहिली, हे मी शोधतो. नातेवाइकांना हे समजावता समजावता मी थकलो होतो. शेवटी त्यांनी सोपं केलं : "हा वादळांचा नि ज्वालामुखींचा अभ्यास करतो."

तर झालं असं. मंगळवार, २५ नोव्हेंबर २०२५. मी नंदुरबारला घरी. चुलत बहिणीचं लग्न दोन दिवसांवर, दुसऱ्या दिवशी हळद. तिचा सख्खा भाऊ आखातात नोकरीला, तो मुंबईला उतरून सुरतमार्गे गाडीनं घरी यायचा होता. सकाळी सकाळी त्याचा फोन आला. विमान रद्द. कारण विचारलं तर ज्वालामुखीची राख. दादा अहिराणीतच म्हणाला, "तू राखना अभ्यास करस ना भो? मंग सांग, हाई राख कव्हय जाई?"

मला उत्तर देता येईना. तेवढ्यात मागून काकूचा वेगळाच प्रश्न आला. काकांनी यंदा दोन मित्रांबरोबर मिरचीची पथारी घेतली आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : नंदुरबारच्या बाजार समितीत येणारी ओली लाल मिरची व्यापारी विकत घेतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर उन्हात पसरून वाळवतात. त्या मैदानाला आमच्याकडे पथारी म्हणतात. नोव्हेंबरात गावाबाहेर जमीनच लाल दिसते. काकूला काळजी होती ती त्या मिरचीची. "राख मिरचीवर पडी का रे?"

एकाच घरात एकाच ढगाबद्दल दोन प्रश्न. एकाला हवं होतं वर तीस-पस्तीस हजार फुटांवर काय चाललंय, दुसरीला हवं होतं खाली जमिनीवर काय होणार. आजचा लेख या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतराबद्दल आहे.

आधी त्या दोन दिवसांत काय घडलं

रविवारी, २३ नोव्हेंबरला, इथिओपियाच्या ईशान्येकडच्या अफार प्रदेशात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. आपल्याकडे तेव्हा दुपार होती. एर्टा आले या सतत धगधगणाऱ्या ज्वालामुखीच्या रांगेतला हा दक्षिणेकडचा डोंगर. गेल्या सुमारे १२,००० वर्षांत तो फुटल्याची नोंद शास्त्रज्ञांकडे नव्हती. राख आणि वायूंचा लोट सुमारे १४ किलोमीटर उंच गेला. फुटांत सांगायचं तर जवळपास ४५,००० फूट. प्रवासी विमानं साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवरून उडतात, म्हणजे लोट थेट त्यांच्या रस्त्यावर.

त्या उंचीवर हिवाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहत असतात. लोट तांबडा समुद्र ओलांडून येमेन-ओमानवर आला, तिथून अरबी समुद्रावर, आणि सोमवारी संध्याकाळी राजस्थान-गुजरातच्या बाजूनं भारतात शिरला. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेग. रात्री उशिरा तो दिल्लीवर होता. मंगळवारी हवामान खात्यानं सांगितलं की ढग चीनच्या दिशेनं सरकतोय आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत भारताबाहेर जाईल.

सोमवारीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं सर्व कंपन्यांना सूचना काढली : राखेचे जाहीर झालेले पट्टे आणि त्या उंच्या टाळा, मार्ग आणि इंधनाचं गणित नव्यानं मांडा, इंजिनाच्या कामात चढउतार दिसला किंवा केबिनमध्ये धूर-वास आला तर लगेच कळवा. कन्नूरहून अबू धाबीला निघालेलं इंडिगोचं विमान अहमदाबादला वळवलं गेलं. अकासानं जेद्दा, कुवेत, अबू धाबीची उड्डाणं रद्द केली. एअर इंडियानं दोन दिवसांत ११ उड्डाणं रद्द केली.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. एअर इंडियाच्या यादीत मुंबई-हैदराबादसारखी देशातली उड्डाणंही होती. आता मुंबई-हैदराबाद मार्गावर राख कुठून येणार? राख त्या मार्गावर नव्हतीच. स्फोटानंतर जी विमानं राखेच्या टापूतून गेली होती, त्यांची तपासणी करायची होती, आणि तपासणीला उभं केलेलं विमान उडणार कसं? ढग एकीकडे आणि अडकलेला माणूस भलतीकडेच, असं त्यामुळे होतं. विमानांचं जाळं असंच असतं. एक गाठ आवळली की ताण दूरवर जाणवतो.

१८८३ : आकाशात कुणीच नव्हतं

आता मागे जाऊ. २७ ऑगस्ट १८८३. जावा आणि सुमात्रा यांच्या मधल्या सामुद्रधुनीतला क्राकाटोआ फुटला. छत्तीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी. स्फोटानं हवेत उठलेली दाबाची लहर पृथ्वीला अनेक वेळा वळसा घालून गेली, आणि जगभरच्या वेधशाळांतल्या वायुभारमापकांनी ती टिपली. त्यात आपल्या मुंबईची कुलाबा वेधशाळाही होती.

लाटेची खूण मुंबईतही दिसली. वांद्र्याच्या किनाऱ्यावर समुद्र अचानक मागे हटला, मासे उघड्यावर पडले, लोक ते वेचायला धावले, आणि मग पाणी जोरात परत आलं, असं वर्णन तेव्हाच्या वृत्तपत्रात आलं होतं. भारतीय बंदरांतल्या भरतीमापकांच्या नोंदी भारतीय सर्वेक्षण खात्याच्या मेजर बेअर्ड यांनी गोळा केल्या आणि त्यावर अहवाल लिहिला. पुढे सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडच्या लोकांना सूर्य हिरवा-निळा दिसू लागला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातले प्राध्यापक मिची स्मिथ यांनी त्या हिरव्या सूर्याच्या प्रकाशाचं पृथक्करण करून नोंदी ठेवल्या. लंडनच्या रॉयल सोसायटीनं जगभरच्या अशा नोंदी एकत्र करून १८८८ मध्ये जाडजूड अहवाल काढला.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात दोन गोष्टी दिसतात.

पहिली : बातमी तेव्हाही वेगानं गेली. तारेची यंत्रणा होती, समुद्राखालच्या केबल होत्या. बटाव्हियाहून निघालेली तार दिवसभरात लंडनला पोहोचली. पण बातमी वेगळी आणि वर्दी वेगळी. काय झालं हे सांगते ती बातमी. काय होणार आहे, तेव्हा हात-पाय हलवा, हे सांगते ती वर्दी. वांद्र्याला मासे वेचणाऱ्यांना कुणी सांगितलं नाही की पाणी परत येणार आहे. तार होती, पण ते सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. हिंदी महासागरासाठी ते काम ठरवून कुणाकडे तरी सोपवायला २००४ ची त्सुनामी यावी लागली. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. मधे १२४ वर्षं गेली.

दुसरी : क्राकाटोआच्या राखेनं हवेत वर्षभर लाल संध्याकाळी रंगवल्या, पण त्या उंचीवर अडवायला कुणी नव्हतंच. तेव्हा राख हा खलाशांचा त्रास होता, डेकवर साचायची, फावड्यानं ओढून टाकायची. जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपालाचं विमान आणलं ते १५ ऑक्टोबर १९३२ ला, जुहूला. तेही पंख्याचं छोटं विमान, कमी उंचीवरून उडणारं. राख आणि माणूस यांची वरच्या मजल्यावर गाठ पडायला जेट विमानं यावी लागली. धोका राखेत आधीपासूनच होता असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे आपण तिच्या उंचीवर राहायला गेलो, तेव्हा तो धोका झाला.

१९८२ : मुंबईवरून गेलेलं एक विमान

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं उड्डाण क्रमांक ९. लंडनहून ऑकलंडला जाणारं जंबो विमान, वाटेत थांबे मुंबई, मद्रास, क्वालालंपूर, पर्थ, मेलबर्न. म्हणजे आपल्या सांताक्रूझवर थांबून पुढे गेलेलं उड्डाण. क्वालालंपूरहून निघाल्यावर रात्री जावाच्या दक्षिणेला, ३७,००० फुटांवर, विमानात २४८ प्रवासी आणि १५ कर्मचारी होते.

आधी काचेवर निळसर ठिणग्या दिसू लागल्या. मग केबिनमध्ये धुरासारखं काहीतरी, गंधकाचा वास. मग एक इंजिन बंद पडलं. दुसरं. काही मिनिटांत चारही. कॅप्टन एरिक मूडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कारण कळेना, कारण हवामानाच्या रडारवर समोर काहीच नव्हतं. कसं असणार? ते रडार पावसाचे थेंब पाहतं. राखेचे कण बारीक आणि कोरडे, त्याला दिसतच नाहीत. आणि रात्रीच्या अंधारात डोळ्यांनाही नाही.

विमान इंजिनाविना घरंगळत खाली आलं, सुमारे १३,००० फुटांपर्यंत. तिथं इंजिनं पुन्हा सुरू झाली. वैमानिकांसमोरच्या काचा राखेनं इतक्या घासल्या गेल्या होत्या की जाकार्ताच्या हलिम विमानतळावर त्यांना जवळजवळ आंधळेपणानं उतरावं लागलं. सगळे वाचले.

इंजिनं बंद का पडली आणि पुन्हा सुरू का झाली? इथं थोडं विज्ञान, सोप्या भाषेत. ज्वालामुखीची राख ही चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते. ती म्हणजे काचेचा आणि दगडाचा बारीक चुरा. ही काच साधारण ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. जेट इंजिनाच्या आतलं तापमान त्याहून जास्त असतं. त्यामुळे आत गेलेला चुरा वितळतो आणि पुढच्या थंड भागांवर चिकटून घट्ट होतो. हवेच्या वाटा बुजतात, इंजिन गुदमरतं. इंजिन बंद पडलं की आतला भाग थंड होतो, काचेचा थर तडकून गळतो, आणि स्वच्छ हवेत आल्यावर इंजिन पुन्हा श्वास घेतं. म्हणजे त्या रात्री इंजिनं बंद पडणं हेच त्यांच्या पुन्हा सुरू होण्याचं कारण ठरलं.

पण माझ्या विषयाच्या दृष्टीनं मुद्दा वेगळाच आहे. ज्या गालुंगगुंग ज्वालामुखीची ही राख होती, तो काही त्या रात्री अचानक फुटला नव्हता. तो एप्रिलच्या सुरुवातीपासून फुटत होता. अडीच महिने! आजूबाजूची गावं रिकामी झाली होती. इंडोनेशियातल्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक होतं, शेतकऱ्यांना ठाऊक होतं, वर्तमानपत्रांना ठाऊक होतं. फक्त वरून जाणाऱ्या वैमानिकाला ठाऊक नव्हतं. कारण ज्वालामुखी पाहणारं खातं आणि विमानांना वाट दाखवणारं खातं यांच्यामध्ये तारच जोडलेली नव्हती. एवढं झाल्यावरही तीन आठवड्यांच्या आत, १३ जुलैला, सिंगापूर एअरलाइन्सचं जंबो त्याच राखेत सापडलं आणि त्याचीही इंजिनं बंद पडली. त्यानंतर मात्र जग जागं झालं.

जुन्या नोंदी वाचताना मला हे वारंवार दिसतं. माहिती नसते असं फार क्वचित होतं. माहिती असते, पण ती ज्याला हवी त्याच्या टेबलावर नसते.

तार जोडली गेली

पुढच्या काही वर्षांत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ज्वालामुखींवर पाळत ठेवणारी व्यवस्था उभारली. पण ती पक्की व्हायला आणखी ठेचा लागल्या. १५ डिसेंबर १९८९ ला केएलएमचं नवंकोरं जंबो अलास्कात रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. वैमानिकांनी स्वाभाविकपणे पूर्ण ताकद लावून वर निघायचा प्रयत्न केला. ताकद वाढवली म्हणजे इंजिन अधिक तापलं, अधिक राख आत ओढली, अधिक काच वितळली. चारही इंजिनं बंद. पुन्हा सुरू झाली, सगळे वाचले, पण दुरुस्तीचा खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. त्यातून वैमानिकांच्या प्रशिक्षणात एक उलटा वाटणारा नियम आला : राखेत सापडलात तर वर पळू नका, ताकद कमी करा, वळा आणि बाहेर पडा. १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो फुटला तेव्हा पुन्हा डझनाहून अधिक विमानं राखेत सापडली.

आज जगात ज्वालामुखी राखेवर सल्ला देणारी नऊ केंद्रं आहेत : लंडन, तुलूझ, अँकोरेज, वॉशिंग्टन, मॉन्ट्रियल, ब्युनोस आयर्स, टोकियो, डार्विन, वेलिंग्टन. आकाश त्यांनी आपसांत वाटून घेतलंय. आफ्रिकेचा मोठा भाग, आखात आणि भारताचं आकाश फ्रान्समधल्या तुलूझकडे येतं. अंदमानातला आपला बॅरन ज्वालामुखी मात्र ऑस्ट्रेलियातलं डार्विन पाहतं. उपग्रह राख टिपतात, केंद्र वाऱ्याचं गणित मांडून ढग पुढे कुठे जाईल ते सांगतं, मग मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथली हवामान कार्यालयं आपापल्या हद्दीतल्या विमानांसाठी इशारा काढतात, आणि तो विमान कंपन्यांपर्यंत जातो. अफारच्या वाळवंटात हायली गुब्बीवर चोवीस तास पाहणारी वेधशाळा नव्हती, तरी वर्दी तासाभरांच्या हिशेबात फिरली ती या साखळीमुळे.

एक प्रश्न तरीही उरला होता : किती राख म्हणजे जास्त राख? बरीच वर्षं उत्तर होतं, दिसेल तेवढी. म्हणजे थोडीही चालणार नाही. एप्रिल २०१० मध्ये आइसलंडचा एयाफ्याल्लायोकुल फुटला आणि त्या नियमानं युरोपचं आकाश जवळजवळ सहा दिवस बंद पडलं. सुमारे १ लाख उड्डाणं रद्द, कोटीच्या घरात प्रवासी अडकले. मुंबई-दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांनी विमानतळावर मुक्काम ठोकले. विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं तोट्याचा अंदाज १.७ अब्ज डॉलर सांगितला. दबाव वाढला, इंजिन बनवणाऱ्यांना विचारलं गेलं, आणि २१ एप्रिलच्या सुमारास नवा आकडा आला : घनमीटरला २ मिलिग्रॅमपर्यंत राख असली तर उडता येईल.

या आकड्याकडे जरा थांबून पाहा. २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे चोवीस तासांच्या हवेत धुळीच्या कणांची, म्हणजे पीएम १० ची, ठरवलेली मर्यादा आहे १०० मायक्रोग्रॅम. दोन्हींचा उद्देश वेगळा आहे, एक इंजिनासाठी, एक फुप्फुसासाठी, त्यामुळे थेट तुलना नको. पण सुरक्षिततेचा आकडा निसर्गातून आयता मिळत नाही, तो माणसं बसून ठरवतात, आणि बहुतेक वेळा गैरसोय असह्य झाल्यावर ठरवतात, एवढं यातून दिसतं.

म्हणून दादाला मी फोनवर जे सांगितलं ते असं : "तुझं विमान रद्द झालं म्हणजे यंत्रणा बिघडली असं नाही, यंत्रणा चालली." त्यावर तो म्हणाला, "ते खरं रे, पण मी रात्री अकरापासून इथं बसलोय, आणि मला हे सकाळी कळलं." माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. तुलूझपासून वैमानिकापर्यंत तार जोडली गेली. काउंटरसमोर बॅगेवर बसलेल्या माणसापर्यंत ती अजून नीट जोडलेली नाही.

आपण कशावर उभे आहोत

थोडं विषयांतर, पण नंदुरबारकरांसाठी गरजेचं. ज्वालामुखी म्हणजे दूरदेशीची गोष्ट, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपला जिल्हा ज्वालामुखीच्याच अंगावर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार बनलं. सातपुड्यातल्या तोरणमाळकडे जाताना डोंगराला ज्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात, ते हेच थर.

तो लाव्हा शंकूसारख्या डोंगराच्या तोंडातून आला असं नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो वर आला. भेगेत उरलेला लाव्हा थिजून कातळाच्या उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळे पट्टा अशा भिंतींसाठी जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथल्या १४,५०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एक किलोमीटरहून लांब अशा २१० भिंती मोजल्या. सर्वांत लांब ७९ किलोमीटर, जाडी ३ ते ६२ मीटर, आणि बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम. शेतातून, माळावरून सरळ रेषेत जाणारी काळ्या दगडाची वरंब्यासारखी टेकडी पाहिली असेल तर ती बहुधा यांपैकीच एक. यांतल्या मोठ्या भेगांमधून एकेका वेळी हजार घन किलोमीटर किंवा त्याहून अधिक लाव्हा, काही वर्षांतच, बाहेर पडला असावा असा त्या अभ्यासाचा कयास आहे.

काकूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आपली काळी माती त्याच राखेची?" राखेची नाही, लाव्ह्याची. पण प्रश्न बरोबर जागी लागला होता. हा बेसॉल्ट झिजून काळी माती झाली, आणि त्या मातीत आपली मिरची आणि कापूस उभा आहे.

मिरचीचं काय झालं?

आता काकूचा मूळ प्रश्न. राख मिरचीवर पडली का? नाही. ढगाची मुख्य वाट आपल्या उत्तरेकडून होती, आणि तो होता फार उंचावर. जमिनीवरच्या हवेवर त्याचा फारसा परिणाम होणार नाही, असं तेव्हा दिल्लीकरांनाही सांगितलं गेलं होतं. पथारी लालच राहिली.

पण राख खरोखर ज्यांच्यावर पडली, ते कुठे होते? हायली गुब्बीजवळच्या अफडेरा भागात. तिथले लोक पशुपालक. जीवितहानीची बातमी आली नाही, पण गावं राखेनं झाकली गेली आणि जनावरांना चरायला चारा उरला नाही, असं तिथले अधिकारी सांगत होते. जगभरच्या बातम्यांत मात्र मुख्य मथळा होता रद्द झालेल्या विमानांचा. मी स्वतः त्या दिवशी विमानांच्याच याद्या वाचत बसलो होतो, घरचं माणूस अडकलं होतं म्हणून. अफडेराबद्दल मी वाचलं ते तिसऱ्या दिवशी. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

काकूच्या प्रश्नामागे आणखी एक अनुभव होता. तिला राख ठाऊक नाही, पण अवकाळी ठाऊक आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात एका रात्रीचा पाऊस पथारीवरच्या मिरचीला काळी पाडतो, बुरशी धरते, आणि व्यापाऱ्याचं, मजुरांचं गणित कोसळतं. ताडपत्री टाकायला दोन-तीन तास मिळाले तरी बराच माल वाचतो. हवामान खातं इशारे काढतं, पूर्वीपेक्षा नेमके काढतं. पण इशारा निघणं आणि पथारीवर राखणीला झोपलेल्या माणसाला तो कळणं, यांत मधली एक तार लागते. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर तर मोबाइलला रेंजच नसते, तिथं वीज पडण्याचा इशारा कसा जाणार?

१९८२ मध्ये जावात जे झालं ते हेच होतं. माहिती होती, वाट नव्हती. फरक एवढाच की एका जंबो विमानात अडीचशेहून अधिक जीव आणि कोट्यवधींचं यंत्र एकाच वेळी धोक्यात येतं, म्हणून जगानं घाई केली, पैसे खर्च केले, नऊ केंद्रं उभी केली. पाड्यावरचं नुकसान एका ठिकाणी एका वेळी दिसत नाही. ते सुटं सुटं होतं, त्यामुळे त्याची घाईही सुटीसुटीच होते.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण मी आता याच प्रश्नापासून सुरू करायचं ठरवलंय : इशारा कुणी दिला हे न विचारता, तो शेवटच्या माणसापर्यंत कोणत्या वाटेनं गेला, हे आधी विचारायचं. मार्गदर्शकांना अजून सांगितलेलं नाही. बघू काय म्हणतात.

दादाला बुधवारचं विमान मिळालं. हळद हुकली. गुरुवारी सकाळी तो नंदुरबार स्टेशनावर उतरला आणि तसाच मांडवात आला, दाढी वाढलेली, अंगावर दोन दिवसांचे कपडे. बहिणीनं आधी रागानं पाठ फिरवली, मग रडली. जेवणाच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला होता. म्हणाला, "पुढल्या वेळी काही फुटणार असलं तर आधी सांग."

काकू वाढत होती. तिथूनच म्हणाली, "आधी पावसाचं सांग म्हणा."